गेम इंग्रजीत असला तरी चालेल, पैशाचं बटण तरी मराठीत द्या

संध्याकाळी सातनंतर कुठल्याही गावात जा. एसटी स्टँडच्या शेडखाली नाहीतर देवळाच्या पायरीवर, जिथं रेंज चांगली येते तिथं चार-पाच पोरं माना खाली घालून बसलेली दिसतात. कानात इअरफोन. "मागून आला रे", "मला उचल की आधी", "गोळ्या संपल्या, दे थोड्या" असं बोलणं चालू असतं. बोलणं पक्कं गावाकडचं मराठी. पण त्यांच्या पडद्यावर डोकावून बघितलं तर मराठीचं एक अक्षर सापडत नाही. बहुतेक इंग्रजी, कुठं कुठं हिंदी.

खेळायला पोरांचं त्यावाचून अडत नाही. चित्रं बघून, एकमेकाला विचारून ती आठवड्यात तयार होतात. अडतं ते दुसरीकडे. खेळ चालू असताना मध्येच एक चौकट उघडते. चार-पाच ओळींचा मजकूर, खाली दोन बटणं. एक मोठं, रंगीत. दुसरं बारीक, फिकट. पोरगं मजकूर वाचत नाही, रंगीत बटण दाबतं. कधी त्यातून फोनमधले नंबर बघायची परवानगी जाते, कधी पैसे जातात. फोन बापाचा, बँकेचं खातं बापाचं आणि यूपीआयचा पिन पोराला पाठ, असं घराघरात चित्र आहे. खात्यातून शंभर-दोनशे करत रक्कम गेलेली दिसते तेव्हा विचारपूस होते. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

ही चौकट मराठीत का नाही? कोण ठरवतं हे? राज्यात मराठीवरून एवढं राजकारण होतं, पण हातातल्या फोनमधल्या खेळाच्या भाषेवर कुणी बोलताना दिसत नाही. त्यामुळे हा धंदा चालतो कसा, ते आधी बघू.

बनवणारा एक, आणणारा दुसरा

मोबाईल किंवा कॉम्प्युटरवरचा गेम बनवणारी कंपनी एक असते आणि तो एखाद्या देशात आणून चालवणारी कंपनी बऱ्याचदा दुसरीच असते. या दुसरीला प्रकाशक म्हणतात. बियाण्याचं उदाहरण घ्या. वाण एकीकडे तयार होतं, आपल्या भागात ते विकणारी कंपनी वेगळी असते. पिशवी कशी असावी, नाव काय ठेवावं, माहिती कुठल्या भाषेत छापावी हे विकणारी ठरवते. गेमचंही तसंच. भाषांतर करणं, तिथल्या लोकांना रुचेल असे बदल करणं, जाहिरात, तक्रारी, पैशाची व्यवस्था हे सगळं प्रकाशकाच्या अंगावर असतं. या कामाला धंद्यात 'लोकलायझेशन' म्हणतात. साध्या मराठीत, परका माल इथल्या मातीत रुजवणं.

गावाकडच्या पोरांना यातलं एक उदाहरण तोंडपाठ आहे. पबजी मोबाईल हा खेळ भारतात चीनची टेन्सेंट कंपनी चालवत होती. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी गेला. मग दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीनं भारतापुरता कारभार स्वतःकडे घेतला आणि २ जुलै २०२१ ला तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया', म्हणजे बीजीएमआय, या नावानं आला. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला.

नाव बदललं तेव्हा आतही बदल झाले. रक्ताचा रंग लाल नको म्हणून हिरवा केला. 'मारले' या अर्थाचा शब्द काढून 'संपवले' या अर्थाचा घातला. १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीनच तास खेळता येईल आणि दिवसाला सात हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करता येणार नाही, अशी मर्यादा घातली. सात हजार ही रक्कम गावाकडच्या घराला मर्यादा वाटेल की धक्का, हा भाग वेगळा.

यातून एक गोष्ट कळते. प्रकाशकानं मनावर घेतलं तर खेळात काहीही बदलता येतं, अगदी रक्ताचा रंगसुद्धा. आणि मनावर तो कधी घेतो? धंदा अडकतो तेव्हा. सरकारची बंदी आणि पालकांचा ओरडा याला वजन होतं, म्हणून बदल झाले. मराठी नाही म्हणून कुणाचा खेळ बंद पडत नाही. म्हणून मराठीचं काम मागं राहतं.

पोलंडची गोष्ट

भाषेच्या जोरावर धंदा उभा राहतो का? राहतो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पोलंडमध्ये आहे. पोलंड म्हटलं की कोल्हापूरकडच्या लोकांना वळिवडे आठवतं. दुसऱ्या महायुद्धात तिथले हजारो निर्वासित तिथं छावणीत राहिले होते. त्याच पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा शहरात, १९९४ मध्ये मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी 'सीडी प्रोजेक्ट' नावाची कंपनी काढली. भांडवल साधारण दोन हजार डॉलर आणि सुरुवात एका मित्राच्या घरातून.

तेव्हा पोलंडची अवस्था कशी होती? कम्युनिस्ट राजवट जाऊन पाचच वर्षं झालेली. लोकांच्या हातात पैसा कमी. सॉफ्टवेअरला संरक्षण देणारा कॉपीराइट कायदा तिथं १९९४ मध्येच आला. त्याआधी वॉर्साच्या आठवडी बाजारात चोरून कॉपी केलेले गेम उघड्यावर मिळायचे, आणि ते लगेच थांबले असंही नाही. हे दोघं स्वतः त्याच बाजारात फिरून गेमची अदलाबदल करत मोठे झालेले. पुढं ते अमेरिकेतून सीडी मागवून विकू लागले. पण बाजूच्याच फळीवर तोच गेम चोरीचा आणि स्वस्तात मिळत असेल तर अस्सल कोण घेणार?

त्यांनी उत्तर शोधलं ते भाषेत. चोरीचा गेम इंग्रजीत असायचा. आपण पोलिशमध्ये दिला तर गिऱ्हाईक आपल्याकडे येईल, असा त्यांचा हिशेब. आधी 'एस व्हेंच्युरा' नावाचा एक छोटा गेम पोलिशमध्ये आणून त्यांनी अंदाज घेतला. तो बरा खपला. मग १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा गेम हातात घेतला. तो लहानसहान नव्हता. पाच सीडींवर बसणारा, कादंबरीसारखा संवादांनी भरलेला गेम. त्याचा सगळा मजकूर पोलिशमध्ये आणायचा आणि आवाजही पोलिश द्यायचे, असं ठरलं. त्यासाठी पिओतर फ्राँचेव्हस्कीसारखे देशभर माहीत असलेले नट बोलावले. सोबत खोक्यात नकाशा आणि गाण्यांची सीडी घातली. चोरी करणाऱ्याला पाच सीडी कॉपी करणंही महाग पडणार होतं आणि नकाशा तर त्याला देताच येणार नव्हता.

पहिल्याच दिवशी १८ हजार प्रती गेल्या. त्या काळच्या पोलंडच्या मानानं हा आकडा मोठा होता. त्या गेममधलं निवेदकाचं एक वाक्य तिथले लोक अजून म्हणीसारखं बोलण्यात वापरतात. इंग्रजी गेमचं पोलिश वाक्य लोकांच्या तोंडी बसलं, यावरून भाषांतर किती जिवंत झालं असेल ते समजावं.

पुढची गोष्ट अजून महत्त्वाची. दुसऱ्यांचे गेम पोलिशमध्ये आणता आणता या कंपनीला गेम कसा बनतो हे आतून कळत गेलं. मग त्यांनी आपल्याच भाषेतला लेखक उचलला. आंद्झेय सापकोव्स्की यांच्या पोलिश कथांवर 'द विचर' हा गेम २००७ मध्ये काढला. आता उलटं झालं. आधी इंग्रजीतून पोलिशमध्ये काम चालायचं, आता पोलिश गोष्ट जगाच्या भाषांत जाऊ लागली. २०११ मध्ये पोलंडचे तेव्हाचे पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांना जी भेट दिली, त्यात या मालिकेतला दुसरा गेम होता. २०१५ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागाच्या पाच कोटींवर प्रती खपल्याचं कंपनीनं २०२३ मध्ये सांगितलं.

सगळं सरळ झालं असंही नाही. २००९ च्या सुमाराला कंपनी बुडायच्या बेतात आली होती. २०२० मध्ये आणलेला 'सायबरपंक २०७७' इतक्या चुकांसकट आला की सोनी कंपनीनं तो काही महिने आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. पण पाया पडला तो भाषांतरावर, ही गोष्ट बदलत नाही.

मराठीत आणायचं म्हणजे नेमकं काय

आता कुणी म्हणेल, भाषांतर काय, मशीनमध्ये टाकलं की झालं. इथंच गफलत आहे.

गेममधला मजकूर गोष्टीच्या पुस्तकासारखा सलग नसतो. हजारो तुटक ओळी एका तक्त्यात भरलेल्या असतात. भाषांतर करणाऱ्याला कित्येकदा फक्त ओळ दिसते, चित्र दिसत नाही. नुसता 'फायर' शब्द समोर आला तर तो 'गोळी झाड' आहे, 'आग' आहे की 'कामावरून काढ' आहे, हे कसं कळणार? 'मॅच' म्हणजे सामना की काडेपेटीतली काडी? माणूस विचारून घेतो. मशीन न विचारता लिहून टाकतं.

दुसरी अडचण व्याकरणाची. गेममध्ये बरीच वाक्यं अर्धी तयार असतात आणि मधली जागा कॉम्प्युटर भरतो. इंग्रजीत 'तुला अमुक मिळालं' हे वाक्य एकदा लिहिलं की त्या जागी काहीही बसतं. मराठीत तलवार मिळाली, घोडा मिळाला, धनुष्य मिळालं. जागा भरली की क्रियापद बदलतं. 'घोडा' ला 'ला' जोडला की 'घोड्याला' होतं. कॉम्प्युटरला हे शिकवलं नाही तर पडद्यावर 'घोडाला' येणार. खेळणारी मुलगी असेल तर 'तू जिंकलास' चालत नाही, 'जिंकलीस' लागतं. शाळेत प्रथमा-द्वितीया घोकताना कंटाळा आला असेल, पण गेमच्या भाषांतरात सगळा खेळ त्या विभक्तीचाच आहे. पोलिशमध्येही तीन लिंगं आणि सात विभक्ती आहेत. तरी त्यांनी ते जमवलं, म्हणजे हे अशक्य नाही. मेहनतीचं आहे.

तिसरी अडचण अक्षराची. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार लागतो आणि खाली उकार. इंग्रजी अक्षराच्या मापानं केलेल्या बटणात तो कापला जातो. जोडाक्षरं नीट न जुळता सुटी पडतात. त्यासाठी फॉन्ट, बटणाची मापं आणि काही वेळा पूर्ण पडदा नव्यानं बसवावा लागतो.

आणि शेवटी भाषेचा सूर. वर सांगितलेली पोरं 'लूट', 'मेडकिट', 'रिव्हाइव्ह' हे शब्द मराठीत मिसळून आरामात वापरतात. तिथं कुणी 'पुनरुज्जीवन' लिहिलं तर पोरं हसतील आणि भाषा परत इंग्रजीवर नेतील. उलट सगळंच इंग्रजी ठेवलं तर भाषांतर कशाला? कुठला शब्द ठेवायचा, कुठला बदलायचा हे ती भाषा रोज बोलणाऱ्यालाच कळतं. चुकीचं भाषांतर किती महाग पडतं याला दाखला आहे. 'झिरो विंग' नावाच्या जपानी गेमचं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेलं इंग्रजी भाषांतर इतकं वेडंवाकडं होतं की काही वर्षांनी इंटरनेटवर जगभर त्याची चेष्टा झाली. गेम लोक विसरले, चूक लक्षात राहिली.

आजचे मोबाईल गेम एकदा विकून संपत नाहीत. दर महिन्या-दोन महिन्याला नवा मजकूर येतो. म्हणजे भाषांतर हा विहिरीसारखा एकदाच करायचा खर्च राहत नाही, पंपाच्या वीजबिलासारखा दर महिन्याला उभा राहतो. कंपन्या मागं सरतात त्या या ठिकाणी.

मग मराठी यादीत का येत नाही

आकडे बघितले तर चित्र उलटं वाटतं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. पोलंडची अख्खी लोकसंख्या चार कोटींच्या आत. म्हणजे मराठी माणसं त्यांच्या दुपटीहून जास्त. तरी मोठ्या गेमच्या भाषांच्या यादीत पोलिश सहज दिसते, मराठी शोधावी लागते.

पहिलं कारण पैसा. पोलंडमध्ये माणशी उत्पन्न आपल्या कितीतरी पट आहे. कंपनी बोलणारे मोजत नाही, खर्च करणारे मोजते. आपल्याकडे बहुतेक पोरं फुकट खेळतात आणि गावाकडच्या माणसाला दाखवलेल्या जाहिरातीचाही कंपनीला फारसा पैसा सुटत नाही.

दुसरं कारण हिंदी. महाराष्ट्रात हिंदी चालते, मग मराठीवर वेगळा खर्च कशाला, असा साधा हिशेब. तमिळ माणूस हिंदीवर भागवून घेत नाही. मराठी माणूस घेतो.

तिसरं कारण आपल्याच हातात आहे आणि ते बोलायला जरा अवघड आहे. आपल्या फोनची भाषा इंग्रजी असते. दुकानदारानं फोन चालू करून दिला तेव्हा जी ठेवली ती तशीच राहिली. गेम कंपनीला प्ले स्टोअरकडून जी आकडेवारी दिसते, तीत कुठल्या भाषेच्या फोनवर किती जणांनी ॲप घेतलं हेही असतं. गावातल्या शंभर पोरांच्या फोनची भाषा इंग्रजी असेल तर कंपनीच्या वहीत ती शंभर पोरं इंग्रजीतली म्हणून जमा होतात. मराठी माणूस तिथं दिसतच नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा गावोगावी स्टेटस ठेवले गेले. ते स्टेटस टाकणाऱ्या कित्येक फोनची भाषा त्या दिवशीही इंग्रजीच असणार.

इथला मालही याला अपवाद नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' कंपनीनं २०२० मध्ये 'राजी' हा आपल्या पुराणकथांवर उभा असलेला गेम काढला. त्याचं जगभर कौतुक झालं. पण तो आला तेव्हा त्यातला आवाज इंग्रजी होता, हिंदी आवाज नंतर जोडला. त्या छोट्या कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक जिथं पैसे टाकतं, तिथली भाषा आधी येते.

जिथं पैसा होता, तिथं मराठी आली

कंपन्यांना मराठी येतच नाही, असं मात्र नाही. पैसे लावून खेळायच्या रमीच्या आणि तशा इतर ॲपच्या जाहिराती आठवा. त्या चांगल्या खणखणीत मराठीत यायच्या. ओळखीचे चेहरे, गावाकडची बोली, "घरबसल्या जिंका" असला सूर. जाहिरात मराठीत, आणि आत गेल्यावर अटी बहुतेक इंग्रजीत. पैसे कधी कापले जातील, काढताना काय लागेल, तक्रार कुठं करायची हे बारीक इंग्रजी अक्षरात. म्हणजे खिशापर्यंत पोचायला मराठी लागली आणि पोचल्यावर तिची गरज संपली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, अशी शिक्षा ठेवली. तो दरवाजा कायद्यानं बंद झाला. पण साध्या गेममधली खरेदी त्या कायद्यात येत नाही. बंदुकीचा रंग, कपडे, नवी गाडी यासाठी आधी रुपये देऊन गेममधले 'हिरे' किंवा 'यूसी' घ्यायचे, मग त्यातून पेटी उघडायची. पेटीत काय निघेल ते नशिबावर. रुपयाचे हिरे झाले की नेमके किती गेले हे मोठ्यालाही पटकन सांगता येत नाही, पोराचं तर सोडाच. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगारात धरलं. आपल्याकडे त्या चालू आहेत आणि त्यांच्यावरचा मजकूर मराठीत नाही.

कायद्यानं एक फट उघडली आहे

शेतीच्या औषधाच्या बाटलीसोबत एक घडीपत्रिका येते. अक्षर बारीक असतं, पण त्यात आपल्या भागातली भाषा असते. कंपनीला मराठीचं प्रेम आहे म्हणून नाही, नियमानं ती द्यावी लागते म्हणून. तसाच एक नियम फोनवरच्या माहितीबाबत होऊ घातला आहे, आणि तो गावात फार कमी जणांना माहीत आहे.

२०२३ मध्ये केंद्रानं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. एखादं ॲप संमती मागून तुमची माहिती घेत असेल तर काय घेतो आणि कशासाठी घेतो याची सूचना त्याला द्यावी लागेल. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत बघायची सोय द्यावी लागेल. त्या २२ मध्ये मराठी आहे. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची खरी, तपासता येईल अशी संमती लागेल. मुलांबाबतचं बंधन मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिले. म्हणजे मे २०२७ च्या सुमाराला यातल्या मुख्य तरतुदी लागू होतील.

हे पाऊल चांगलं आहे, पण अर्धं आहे. माहिती घेण्याची सूचना मराठीत मिळेल. पैसे घेणाऱ्या बटणाला हा कायदा लागत नाही. म्हणजे "आम्ही तुमचा फोन नंबर घेतो" हे मराठीत वाचता येईल आणि "आम्ही तुमचे चारशे रुपये घेतो" हे इंग्रजीतच राहील.

मागणी छोटी ठेवली तर पदरात पडेल

अख्खे गेम मराठीत करा, अशी मागणी केली तर कंपनी वर सांगितलेला सगळा खर्च पुढं करणार. त्यात थोडं तथ्यही आहे. काही पालकांचं तर उलट म्हणणं असतं, मराठीत आला तर पोरं अजून खेळतील. पण पोरं इंग्रजीतही खेळतातच. प्रश्न त्यांच्या आणि घरच्यांच्या नकळत जे होतं त्याचा आहे.

म्हणून मागायचे ते पाच पडदे. पैसे भरायचा पडदा. परवानगी मागणारा पडदा. वय आणि वेळेच्या मर्यादेचा पडदा. तक्रारीचा आणि पैसे परत मागायचा पडदा. आणि खातं बंद करायचा पडदा. यात नट लागत नाही, आवाज लागत नाही, दर महिन्याला बदलणारा मजकूरही नसतो. काही शेकडा शब्दांचं काम आहे. जी कंपनी भारतासाठी रक्ताचा रंग बदलू शकते, तिला हे जड नाही. माहिती संरक्षणाच्या कायद्यासाठी सूचना मराठीत करावी लागणारच आहे, त्याच माणसाकडून हेही होऊन जाईल. आमदार-खासदारांनी मराठीवर बोलताना ही मागणी केंद्राकडे लावून धरली तर त्याचा उपयोग थेट घरात होईल.

राज्य सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. त्यातून इमारती आणि पार्क होतील. पण गेम मराठीत आणणारी माणसं कुठं तयार होणार, हा प्रश्न त्याच वेळी विचारायला हवा. हे काम चांगलं मराठी येणाऱ्या, फोनवर खेळलेल्या आणि इंग्रजी समजणाऱ्या माणसाचं आहे. अशी मुलं तालुक्याच्या कॉलेजात आहेत. पोलंडमध्येही सुरुवात अशाच दोघांनी केली होती.

तोपर्यंत घरात करण्यासारखं

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करा. प्ले स्टोअर आणि त्याचं पैसे भरायचं पान मराठीत दिसू लागेल, आणि कंपनीच्या मोजणीत एक मराठी माणूस वाढेल. अडचण आली तर भाषा पुन्हा बदलता येते.

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, ती चालू ठेवा. ठसा घरातल्या मोठ्याचा ठेवा. यूपीआयचा पिन पोराला माहीत असेल तर आजच बदला.

न विचारता खरेदी झाली असेल तर थांबू नका. प्ले स्टोअरमधून झालेल्या खरेदीचे पैसे परत मागायचे तर पहिल्या ४८ तासांत मागणं सोपं जातं. गेमच्या नावानं कुणी लिंक पाठवून किंवा ओटीपी मागून फसवलं असेल तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा.

आणि एकदा पोराजवळ बसून त्याला त्या चौकटीतलं इंग्रजी मोठ्यानं वाचायला लावा. अर्थ सांगता आला नाही तर ते बटण दाबायचं नाही, एवढा नियम घरात केला तरी बरेच पैसे वाचतील.